भिंतीकडे तोंड करून

३ मार्च, सोमवार

मॉनिटर,

फुलं परत पाठवली आहेत. कार्ड त्यातच आहे. न वाचता परत केलं असं समजू नकोस, वाचलं. ‘लवकर बऱ्या व्हा’ असं छापलेलं आणि खाली तुझी सही. छापलेलं वाक्य. सव्वीस वर्षं आपण दोघींनी दुसऱ्यांसाठी वाक्यं लिहून पोट भरलं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीसाठी तुला दुकानातलं तयार वाक्य पुरलं.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. मेसेज तर नकोच. गेल्या आठवड्यात तू मला अकरा वेळा जोडलेले हात पाठवलेस, तीन वेळा रडका चेहरा आणि एकदा, बहुधा चुकून, नाचणारी बाई. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाला निदान अंगठा दाखवता येत नाही.

ताई कशी आहे असं विचारलंयस. ऐक. तिचा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, कोणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा. भिंतीला धरून चार पावलं टाकते. पण बोलणं गेलं. एकतीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेल्या बाईचं बोलणं गेलं, मॉनिटर. कॉन्व्हेंट शाळेच्या ऑफिसातून सिस्टरची नजर चुकवून आपण तो नंबर फिरवायचो, फक्त तिचा आवाज ऐकायला. आपण काही न बोलता खिदळायचो आणि ती त्याच गोड आवाजात म्हणायची, “शाळा सुटली का गं तुमची?” तुला त्या वयात वाटायचं की मोठेपणी आपलाही आवाज असाच होईल. तसा झाला नाही ते सोड.

आता तिच्याकडे एकच वाक्य उरलंय. “थांबा, जोडते.” पाणी हवं असलं तरी तेच, उशी टोचत असली तरी तेच. डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा तिने त्यांच्याकडे अगदी अदबीने बघितलं आणि म्हणाली, “थांबा, जोडते.” डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर घोकलेलं वाक्य कधीकधी असं एकटंच मागे राहतं. भाची, म्हणजे तिची मुलगी, खोलीबाहेर जाऊन रडली. मी रडले नाही. मला तेव्हा तुझा चेहरा दिसत होता.

कारण तो फोटो आपल्या ऑफिसच्या ऑनलाईन पानावर अजून तसाच आहे. आज सकाळीही बघितला. पार्काच्या भिंतीशी मी उभी, पांढरे बूट, हातात आपण जाहिरात करतो त्या हिरव्या पुडीचा पेला, आणि वर तुझं वाक्य: ‘बासष्टाव्या वर्षी मी गोळ्यांचा डबा बंद केला.’ माझ्या तोंडी घातलेलं. रक्तदाबाची गोळी मी गेली नऊ वर्षं रोज सकाळी घेते हे तुला माहीत आहे; ऑफिसात कितीदा तूच पाण्याचा ग्लास पुढे केला आहेस. तरी छापलंस. ताईने ते वाचलं, स्वतःच्या गोळ्या बंद केल्या, आणि पाच आठवड्यांनी स्वयंपाकघरात ओट्याशी कोसळली. खणात गोळ्यांची पाकिटं सापडली, एकही फोडलेलं नाही. शेजारी पुडीचा डबा, अर्धा संपलेला.

आणि हे सगळं मी तुला ऑफिसात सांगितलं तेव्हा तू काचेच्या पलीकडे बसलेल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली करून म्हणालीस, “तुझी बहीण पहिल्यापासूनच हट्टी आहे. त्याला आपण काय करणार?”

आपण काय करणार ते मी सांगते. तो फोटो काढून टाकायचा. आणि त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायचं, की हे खोटं होतं. गोळ्या थांबवू नका. चाळीस हजार माणसांनी ते पाहिलंय. त्यांतल्या किती जणांनी खण बंद केलाय, कोणाला माहीत.

ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवून आले आहे. मिळाल्या असतीलच.

शाई


११ मार्च, मंगळवार

मॉनिटर,

फोटो काढलास. गुपचूप, पाहुण्यांसमोर ताटातली माशी काढावी तसा. मग मला टाईप केलेलं पत्र पाठवलंस, ऑफिसच्या शिक्क्यासकट. वर्गाची मॉनिटर असून माझ्या शेजारच्या बाकावर बसून माझी पेन्सिल चघळणारी तू, आता मला ‘आपण’ म्हणतेस.

तुझे मुद्दे वाचले. पहिला, फोटो काढलाय, आता विषय संपवावा. दुसरा, खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की औषधात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. तिसरा, जाहीर काही लिहिलं तर पूडवाल्यांशी संबंध बिघडतील, आणि बारा माणसांचं ऑफिस त्यांच्यावर चालतं.

बारीक अक्षरांपासून सुरुवात करते. ताई एकोणसत्तर वर्षांची आहे. चष्मा लावूनही तिला ती दिसणार नाहीत. आपल्याला ते माहीत होतं, म्हणून तर ती बारीक असतात. खरं असतं ते आपण मोठ्या अक्षरात लिहितो का? इतकी वर्षं या धंद्यात काढून ज्याला बारीक अक्षरांचा अर्थ कळला नाही तो एक तर साधू असावा नाहीतर तुझा वकील.

आणि फोटो काढल्याने विषय संपत नाही. त्याच्याखाली काय होतं ते तू वाचलंस? मी वाचलं, काढायच्या आदल्या दिवशी, सगळं, तीनशे आठ जणांनी लिहिलेलं. एका बाईने विचारलं होतं, “मलाही बीपी आहे. मीही सोडल्या तर चालेल का?” आणि आपल्या पानाने तिला उत्तर दिलं होतं. एक हिरवा बदाम, हृदयाचं चिन्ह. शब्दसुद्धा नाही. ती बाई कोण, कुठली, त्या बदामाचा तिने काय अर्थ घेतला, हे आता तुलाही शोधता येणार नाही आणि मलाही, कारण तू ते सगळं पुसून टाकलंस. तिला आता कोण सांगणार?

तुला सिस्टर आठवतात? निबंध वाचायला फळ्याकडे तोंड करून उभं करायच्या त्या. वर्गाकडे पाठ. पहिल्यांदा मी विचारलं होतं, असं का, तर म्हणाल्या, “चेहरा मार्क मागतो. आवाजाला मागता येत नाहीत.” आपण ऑफिस काढलं, दोन खुर्च्या आणि एक गळका पंखा, तेव्हा तूच म्हणालीस, इथेही तसंच करायचं. लिहिणारीने भिंतीकडे तोंड करून मजकूर मोठ्याने वाचायचा. ऐकणारीने कुठेही थांबवून फक्त एक शब्द विचारायचा: “खरं?” न वळता ‘हो’ म्हणता आलं तर वाक्य राहणार. मान वळली की वाक्य गेलं. मग दोघींची टिक. एक टिक असलेला कागद बाहेर जाणार नाही.

साबणवाले काका तुला आठवतच असतील. त्यांच्यासमोरच मी वाचत होते, “सगळ्यांत जास्त फेस.” तू विचारलंस, “खरं?” आणि माझी मान वळली. मला वाटलं गेलं हे काम. काका मात्र पोट धरून हसले. म्हणाले, फेस आमचा कमीच आहे हो, काय करणार. मग आपण लिहिलं: ‘फेस कमी. धुवायला पाणीही कमी.’ काका एकोणीस वर्षं आपल्याकडे राहिले. त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण दोघी पाहुणे म्हणून नव्हतो, घरच्या म्हणून होतो, आणि तू आचाऱ्याशी भांडली होतीस. त्याला मी धंद्यातला संबंध म्हणते. पूडवाल्यांना तू तीन वर्षांत किती वेळा भेटलीस? ते आपल्याला आकडे पाठवतात आणि आपण त्यांना आलेख पाठवतो. त्यात बिघडण्यासारखं आहेच काय?

नियम कधी सुटला ते मला नेमकं सांगता येईल. दिवसाला एक जाहिरात होती तोवर भिंत होती. दिवसाला सहा पोस्ट झाल्या आणि तू म्हणालीस, आता प्रत्येकीसाठी उठून उभं राहायला वेळ कुठे आहे, ग्रुपवर टाकूया, अंगठा म्हणजे टिक. त्या दिवशी आपण भिंतीला शेल्फ लावून घेतलं. त्यावर बक्षिसं ठेवली.

माझी मागणी तीच आहे. लिहायचं. मोठ्या अक्षरात.

शाई


१९ मार्च, बुधवार

मॉनिटर,

या वेळी हाताने लिहिलंस. अक्षर तुझं अजून तसंच आहे, शिस्तीने उभं, कवायतीला काढल्यासारखं. आणि सोबत तो कागद. आपल्या ग्रुपचा छापून काढलेला भाग. वर तुझी पोस्ट, फोटोसकट, वाक्यासकट. खाली सकाळी नऊ बाराला माझा अंगठा. तू त्याभोवती लाल गोल काढला आहेस, चुकलेल्या गणिताभोवती काढतात तसा.

दोन दिवस मी तो कागद उलटा ठेवला होता.

हो, तो माझा अंगठा आहे. मी दाताच्या डॉक्टरकडे बसले होते, आत ड्रिल चालू होतं, माझा नंबर पुढचा होता, वगैरे वगैरे. हे मी पहिल्या दिवशी खोडून परत लिहिलं, मग परत खोडलं. कारण मी वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. मला ते आवडलं होतं.

तुझ्यावरचा राग याने कमी होत नाही, उलट वाढतो. तू बरोबर असलीस की मला तू सहन होत नाहीस, हे चौथीपासूनचं आहे.

तर सगळंच सांगते. बूट माझे नव्हते, तुला माहीत आहे, एक माप मोठे होते आणि पुढे कापूस कोंबला होता. पेल्यातली पूड मी एक घोट घेतली आणि उरलेली पार्काच्या कोपऱ्यातल्या कुंडीत ओतली. त्या झाडाला नंतर चांगली पालवी फुटली, तेव्हा पुडीचा कोणालाच उपयोग नाही असं म्हणता येणार नाही. गोळ्यांच्या डब्याचं वाक्यही तुझ्या डोक्यातून आलं नव्हतं. फोटो काढणाऱ्या मुलीने मला विचारलं, आजी, तुमच्या तब्येतीचं रहस्य काय. आजी म्हटल्याचा मला राग आला होता. मी म्हणाले, “गोळ्यांच्या डब्यात मी आता बटणं ठेवते.” ठेवतेच. जुन्या डब्याचं झाकण मोडलं म्हणून मी नवा आणला होता, दुप्पट मोठा, सात दिवसांच्या खणांचा. पण हे मी तिला सांगितलं नाही. ती हसली, तू टाळी दिलीस, आणि कॅमेऱ्यामागच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. आपण कॅमेऱ्यामागच्या बायका, आपल्याकडे कोण बघणार.

तू ते घरी नेलंस आणि त्याचं वाक्य केलंस. खोटं आहे हे तुला माहीत होतं. आणि मी नऊ बाराला ते वाचलं, आणि मलाही माहीत होतं.

पुढचे काही दिवस कसे गेले ते तुला ठाऊक नाही, कारण मी तुला कधी सांगितलं नाही. शाळेतल्या मुली सापडल्या. मागच्या बाकावरची ती उंच मुलगी, ती आता कुठल्याशा थंड देशात नातवंडं सांभाळते, तिने लिहिलं, ‘तू तर अजून तशीच.’ साबणवाल्या काकांच्या मुलीने लिहिलं. माझ्याशी वीस वर्षं न बोललेल्या चुलतभावाने लिहिलं. मी रोज सकाळी उठून आधी गोळी घ्यायचे, मग फोन उघडून गोळी सोडल्याबद्दल लोकांनी केलेलं कौतुक वाचायचे. चहा निवायचा.

आपणच नवीन माणसांना शिकवायचो ना? वर्षाच्या पहिल्या आठवड्यात लोक स्वतःवर सगळ्यांत जास्त चिडलेले असतात, तेव्हा त्यांना काहीही विकता येतं. आपलं शरीर आपलं ऐकत नाही याचा राग. म्हणूनच ती पोस्ट आपण जानेवारीच्या चार तारखेला टाकली. मला एवढंच कळलं नाही की मीही त्या आठवड्यात गिऱ्हाईक होते. माझंच वाक्य मी विकत घेतलं.

ताईला कधी कोणी निरोगी जगणं शिकवलं नव्हतं. साडेबाराला जेवायची, संध्याकाळी शेजारणीबरोबर दोन फेऱ्या मारायची, शेजारणीची सून कशी आळशी आहे ते ऐकायची आणि सुनेची बाजू घ्यायची. रात्री साडेनऊला झोप. आणि सकाळी एक गोळी, पाण्याबरोबर, न बोलता. याचा फोटो कोण काढणार? यात विकण्यासारखं काही नाही.

तुझा लाल गोल मी भिंतीवर लावला आहे. आणखी आहे, पण ते आज लिहिता येत नाही.

शाई


२७ मार्च, गुरुवार

मॉनिटर,

तू विचारलंस, ‘आणखी काय?’ एवढंच, एका ओळीचं पत्र. सिस्टर असंच विचारायच्या, खडू हातात घेऊन, घाई नसल्यासारख्या.

मी चार वेळा बसले लिहायला. शेवटी उठून खोलीतल्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, आणि मग येऊन लिहिते आहे. जसं म्हटलं तसं.

ताईने मला विचारलं होतं.

पोस्ट गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. आपण पूडवाल्यांच्या ऑफिसात होतो, त्या लांब टेबलाशी. पडद्यावर माझाच फोटो होता, भिंतीएवढा, आणि त्यांचा तो तरुण साहेब सांगत होता की अशा आणखी चार आज्या शोधा. फोन थरथरला. ताईचा होता. मी खुर्ची मागे सरकवून कोपऱ्यात गेले. ती नेहमीसारखी आधी म्हणाली, कामात आहेस का, मग ठेवते. मी म्हटलं, बोल पटकन. ती म्हणाली, तुझा फोटो बघितला, शेजारणीने दाखवला, बूट छान आहेत. मग म्हणाली, “ते गोळ्यांचं लिहिलंय, ते खरं?”

तिने अगदी तोच शब्द विचारला, मॉनिटर. तिला आपल्या नियमाची काही कल्पना नव्हती. तिला फक्त तिच्या धाकट्या बहिणीकडून ऐकायचं होतं.

पडद्यावर मी हसत होते. टेबलाशी सात माणसं माझ्याकडे बघत होती. तूही बघत होतीस, हाताने खूण करत होतीस, लवकर ये. नाही म्हणायला काय लागलं असतं? अगं नाही, ते जाहिरातीचं आहे, तू तुझी गोळी घे. आठ-नऊ शब्द. पण ते शब्द त्या साहेबासमोर म्हणायचे होते.

मी म्हटलं, “हो गं, हो. ठेवते.” आणि ठेवला.

ताई कधीही आधी फोन ठेवत नाही. ऑपरेटरने आधी लाईन सोडायची नसते, तिला तसंच शिकवलेलं होतं, घरच्या फोनवरही ती थांबते. म्हणजे मी ठेवला तेव्हा ती पलीकडे होती. अजून एखादा शब्द येईल म्हणून थांबलेली.

जाहिरातीवर विश्वास ठेवून तिने गोळ्या सोडल्या, असं मी तुला तीन पत्रांत सांगितलं. भाचीला तेच सांगितलं. डॉक्टरांना तेच सांगितलं. जाहिरातीवर ताईचा कधीच विश्वास नव्हता. तिने माझ्यावर ठेवला.

आता तू म्हणशील, मग इतके दिवस माझ्यावर का ओरडत होतीस. ओरडत होते, कारण तू ओरडण्यासारखीच आहेस. वाक्य तू लिहिलंस. खूण तू केलीस. ‘हट्टी’ तू म्हणालीस. त्यातलं काहीही मी माफ केलेलं नाही, आणि माझं सांगून झालं म्हणून तुझं पुसलं जाईल अशी आशा ठेवू नकोस.

सोबत एक कागद आहे. मी मजकूर लिहिला आहे. खाली माझी टिक आहे. दुसरी जागा रिकामी आहे. आपल्या पानावर जाणार असेल तर दोन टिक लागतील. तू दिली नाहीस तर मी माझ्या नावाने टाकीन, पण माझ्या पानावर शाळेतल्या मुली आणि चुलतभाऊ आहेत. ती बीपीवाली बाई तिथे नाही. ती आपल्या पानावर आहे.

सात तारखेला सोमवार आहे. तोपर्यंत थांबते.

शाई


७ एप्रिल, सोमवार

मॉनिटर,

कागद शनिवारीच मिळाला. खाली तुझी टिक आहे, आणि नेहमीसारखी तुझी लाल शाईही. मला वाटलं होतं तू पूडवाल्यांचं नाव गाळशील, ‘चूक’ शब्दाच्या जागी काहीतरी मऊ घालशील. तू त्याला हात लावला नाहीस. तू खोडलंस ते माझंच वाक्य. मी लिहिलं होतं, ‘नकळत झालेल्या चुकीबद्दल आम्ही क्षमा मागतो.’ तू ‘नकळत’वर रेघ मारलीस आणि कडेला लिहिलंस, “खरं?”

मी कागद टेबलावर आपटला. संध्याकाळी तो शब्द काढला.

आणि खाली तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस की पूडवाल्यांना तू स्वतः जाऊन सांगून आलीस, त्यांनी काम काढून घेतलं, आणि बारा जणांपुढे सगळं वाचून दाखवलंस, शेल्फ काढून. बारीक अक्षरात का लिहिलंस ते कळलं. त्याबद्दल तुला शाबासकी हवी असेल तर मिळणार नाही.

आज सकाळी आठ वाजता ते पानावर गेलं. तू टाकलंस, मी बघितलं. दहापर्यंत साठ जणांनी शिव्या दिल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच योग्य होत्या. एकाने लिहिलं, म्हाताऱ्या झाल्यावर देव आठवतो. अकराच्या सुमारास एका बाईने लिहिलं, ‘मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही बदाम दिला होता. मी गोळ्या सोडल्या नव्हत्या, नवऱ्याने सोडू दिल्या नाहीत. पण तुमच्यामुळे आमचं भांडण झालं होतं.’ मी ते किती वेळा वाचलं सांगत नाही. त्या नवऱ्याला मी उभ्या आयुष्यात भेटणार नाही आणि त्याच्याइतकं प्रेम मला आत्ता दुसऱ्या कोणाबद्दल वाटत नाही.

दुपारी ताईकडे गेले. भाचीला आधीच सगळं सांगितलं होतं, फोनचंसुद्धा. ती माझ्याशी नीट बोलत नाही. बोलू नये. तिने दार उघडलं आणि आत निघून गेली.

ताई खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, ताई, तुला एक वाचून दाखवायचं आहे. आणि तिच्याकडे पाठ करून, कपाटाच्या शेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बासष्ट वर्षांची बाई, हातात कागद. भिंतीचा रंग एका जागी उडालाय, तिथे बघत वाचलं. फोटो खोटा होता. मी गोळ्या कधीच सोडल्या नव्हत्या. माझ्या बहिणीने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. तिने सोडल्या. आता तिला बोलता येत नाही. तुम्ही तुमच्या गोळ्या थांबवू नका.

वाचून झालं. मी वळले नाही, वळायचं नसतं. आतून भाचीच्या भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता, म्हणजे तीही ऐकत होती.

मग ताई म्हणाली, “थांबा, जोडते.”

नेहमीसारखं नव्हतं ते. शेवटी आवाज वर गेला होता. विचारतात तसा. तिच्याकडे दुसरे शब्दच नाहीत, मॉनिटर, तिने होते त्यांतच विचारलं.

मी भिंतीकडे बघतच म्हटलं, “हो.”

आणि तिथेच उभी राहिले. पाच मिनिटं असतील, जास्त असतील. या वेळी मी आधी ठेवणार नव्हते. शेवटी तिनेच डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर टकटक केलं, एक्स्चेंजवर कॉल संपला की करायची तसं, आणि मग मी वळले. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती. तिने मला माफ केलं असं मी तुला लिहिणार नाही. ते मला माहीत नाही, आणि आता माहीत नसलेलं लिहायचं नाही.

आता तुझं. तिला बोलायला शिकवणारी जी मुलगी येते, ती म्हणाली, रोज कोणीतरी समोर मोठ्याने वाचायला हवं, सावकाश, स्पष्ट, तास-दीड तास. बुधवार आणि शनिवार तुझे. मी वेळापत्रक करून भाचीच्या फ्रिजवर लावलं आहे, त्यात तुझं नाव घातलंय, तुला न विचारता. हा समेट नाही, ड्युटी आहे. त्या दिवशी मी तिथे नसेन. मला तुझं तोंड अजून बघायचं नाही.

चार वाजता जा. फुलं नेऊ नकोस. ‘हट्टी’ म्हणाली होतीस ते तिला आधी सांग, मग वाच.

आणि निघताना लक्षात ठेव, ती आधी ठेवत नाही. टकटक ऐकू येईपर्यंत बस.

शाई